स्वप्नांची वही: हाताने लिहावी की टाइप करावी?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



मागच्या वेळी आपण झोपेचे टप्पे पाहिले. व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "वडील जाऊन दीड वर्ष झालं. परवा पहाटे स्वप्नात आले, खुर्चीत बसले आणि मला काहीतरी म्हणाले. मी जागी झाले, लिहून ठेवायला लगेच फोन घेतला. सकाळी बघते तर फोनमध्ये एवढंच, 'बाबा आले होते'. काय म्हणाले ते गेलं. मी वहीत लिहायला हवं होतं का?"

त्या दिवशी आम्ही त्यांना अर्धवट उत्तर दिलं. उरलेलं आज देतो. वही की फोन, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. पण स्वप्न टिकतं की जातं, आणि टिकलं तर किती खरं टिकतं, हे बरंचसं त्यावर अवलंबून असतं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: जाग आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं कागद-पेन्सिलीची, आणि नंतरचे महिने-वर्षं टायपिंगची. ही दोन कामं वेगळी आहेत. त्यांची गल्लत झाली की स्वप्नाचं नुकसान होतं.

घाई कशाची?

1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा दाखवून दिला. त्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. हीच रेम झोप. मग 1957 साली विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांना मुद्दाम उठवून विचारलं, स्वप्न पडत होतं का? रेम झोपेतून 191 वेळा उठवलं, तेव्हा 152 वेळा लोकांना स्वप्न सांगता आलं. रेमचा टप्पा संपून आठ मिनिटांहून जास्त वेळ गेल्यावर 132 वेळा उठवलं, तर फक्त 6 वेळा. पुढच्या अभ्यासांत रेमबाहेरही स्वप्नं पडतात असं दिसलं, पण आठवण किती झपाट्याने विरते ते या आकड्यांवरून कळतं.

याचं एक कारण मेंदूच्या रसायनात आहे. जागेपणी लक्ष आणि स्मरण पक्कं करायला नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन मदत करतं. रेम झोपेत त्याचा पुरवठा जवळजवळ थांबतो. 2019 साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत काही पेशी अशा सापडल्या, की त्या रेम झोपेत काम करतात आणि विसरायला हातभार लावतात. थोडक्यात, स्वप्न विसरणं हा आपला आळस नाही, मेंदूची घडणच तशी आहे. जाग येते तेव्हा स्वप्न नुसतं तरंगत असतं. नवीन काही समोर आलं की ते बुडतं.

मेणबत्ती लावेपर्यंत

ही अडचण सगळ्यात नेमकी सांगितली मेरी कॅल्किन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी, 1893 साली. त्या आणि त्यांचे सहकारी एडमंड सॅनफोर्ड रात्री वेगवेगळ्या वेळी गजर लावून उठायचे आणि उशाशी ठेवलेल्या कागदावर स्वप्न उतरवायचे. काही आठवड्यांत दोघांची मिळून 375 स्वप्नं जमली. कॅल्किन्सबाईंनी नोंदवून ठेवलंय, की कधीकधी कागदासाठी हात पुढे करण्याच्या किंवा मेणबत्ती पेटवण्याच्या हालचालीनेसुद्धा स्वप्न विरून जातं.

आता मेणबत्तीच्या जागी फोन ठेवून बघा. अंगठा लावा, कुलूप उघडा, डोळ्यांवर उजेड. वर तीन सूचना आलेल्या. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी पहाटे पावणेपाचलाच फुलांचा फोटो टाकून सुप्रभात केलेलं. लिहायचं ॲप शोधा, नवीन पान उघडा, भाषा मराठी करा. पहिला शब्द उमटायच्या आत सहा-सात छोटे निर्णय झाले. बाबांचं वाक्य त्यातच कुठेतरी गेलं. आमच्या बाबतीतही हे इतक्यांदा झालंय, की शेवटी आम्ही फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो.

उजेडाबद्दलही एक सांगायला हवं. 2015 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास पडद्यावर वाचणाऱ्यांमध्ये मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे दीड तास उशिरा वाढलं. तो संध्याकाळचा, तासन्‌तासांचा उजेड होता. पहाटे तीनच्या दोन मिनिटांना तो आकडा लावता येणार नाही. पण दोन मिनिटांसाठी घेतलेला फोन दोन मिनिटांत खाली ठेवला जात नाही, हे आपण सगळेच जाणतो.

पेन्सिलीला काय जमतं

पेन्सिलीला उजेड लागत नाही. डोळे मिटून, कुशीवर पडल्या पडल्या चार शब्द लिहिता येतात. अक्षर वेडंवाकडं येतं, ओळी एकमेकींवर चढतात, चालतं. आमच्या वहीत एका पानावर नुसतं 'निळी बादली, मामा, उशीर' असं आहे. सकाळी त्या तीन शब्दांवरून पान भरून स्वप्न परत मिळालं.

दुसरं, स्वप्नाला जागा असते. दार कुठे होतं, जिना कुठून वळत होता, हे वाक्यात सांगायला वेळ लागतो, चार रेघांत दाखवता येतं. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच अभ्यासक हर्व्हे द सँ-दनी वयाच्या तेराव्या वर्षापासून स्वप्नांच्या वह्या ठेवायचे. त्या बावीस झाल्या, आणि त्यांत रंगीत चित्रंही होती.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हाताने लिहिलेल्यात खाडाखोड दिसते. 'काकू होती' लिहिलं, खोडलं, 'आई होती' लिहिलं. तर दोन्ही दिसतात. स्वप्नात ती बाई दोन्ही असू शकते! टाइप करताना मागे जाण्याची कळ दाबली की काकू पुसली जाते, आणि ती कधी होती याचा पुरावाही राहत नाही. तुटक स्वप्नाची जागेपणी आपण सुसंगत गोष्ट करतो, याकडे फ्रॉइडने 1900 सालच्या ग्रंथात लक्ष वेधलं होतं. पडद्यावर ही सफाई फार सहज होते आणि ती केल्याचं आपल्या लक्षातही येत नाही.

इथे लोक विचारतात, हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं ना? 2014 सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी शब्दशः उतरवत राहतात आणि समजून घेण्यात मागे पडतात, असं त्यात दिसलं होतं. पुढे तो प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा फरक तितका ठामपणे दिसला नाही. शिवाय वर्गात कुणीतरी बोलत असतं, स्वप्नात मजकूर सांगणारं कुणी नसतं. त्यामुळे आम्ही त्या अभ्यासाच्या आधारावर वहीची बाजू घेत नाही.

पडवीची पदवी

मराठी माणसाला टायपिंगची आणखी एक अडचण आहे. आपल्यातले बरेच जण फोनवर रोमन अक्षरं दाबतात आणि कीबोर्ड त्याचं देवनागरी करून देतो. त्याला 'द' आणि 'ड' एकाच कळीवरून ओळखायचे असतात, म्हणून तो जास्त वापरातला शब्द पुढे करतो. आम्ही एकदा अर्धवट झोपेत लिहिलं, 'आजीच्या पडवीत पाणी शिरलं'. सकाळी वाचलं तर आजीच्या पदवीत पाणी शिरलेलं. आजी चौथी शिकलेली! हे निदान लक्षात तरी आलं. वर्षभराने वाचलं असतं, तर स्वप्नातच असं विचित्र काही होतं असं समजून आम्ही त्याचा अर्थ लावत बसलो असतो.

या कटकटीला कंटाळून लोक इंग्रजीत टाइप करतात. मग ओसरी, पडवी, सोपा, सगळ्याचं एकच 'व्हरांडा' होतं. घरात बोलतो तो शब्द, मग तो मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो, पहिल्यांदा कागदावर तसाच पडू द्या. भाषांतर पुढे केव्हाही करता येईल.

तपशिलाचं मोल आपल्याकडे जुनं आहे. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला. तो प्रसंग अभंगात सांगताना गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि त्याचा स्वप्नातच विसर पडला, एवढं बारीक ते सांगतात. एवढ्या मोठ्या प्रसंगातही तुपाचं माप गाळलेलं नाही. आपणही अर्थ नंतर लिहावा, तूप आधी.

टायपिंगचं खरं काम

मग फोन-संगणक टाकूनच द्यायचे का? मुळीच नाही. वर्षभरात वहीत दोनशे स्वप्नं जमली, आणि तुम्हाला विचारायचं आहे, घर बदलल्यापासून पाण्याची स्वप्नं वाढली का? वही चाळण्यात रविवार जाईल. टाइप केलेल्या मजकुरात 'पाणी' शोधायला क्षणही लागत नाही.

1966 साली कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी शंभर तरुण आणि शंभर तरुणी, प्रत्येकाची पाच, अशा हजार स्वप्नांतली पात्रं, भांडणं, मैत्री, जागा मोजून एक पद्धत बसवली. आज सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ड्रीमबँक या संग्रहात वीस हजारांहून जास्त स्वप्नांच्या नोंदी शोधता येतात. मजकूर संगणकावर आहे म्हणूनच हे शक्य झालं.

या दोन्हींच्या मधली वाट कादंबरीकार नाबोकोव्ह यांनी वापरली होती. 1964 च्या ऑक्टोबरपासून ऐंशी दिवस ते उठल्या उठल्या स्वप्नं लिहीत होते, पण सुट्या कार्डांवर. अशी 118 कार्डं आहेत. हाताने लिहिलेली, आणि तरी पत्त्यांसारखी हवी तशी लावता येणारी.

वही वाचणार कोण?

याबद्दल फार कमी बोललं जातं. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं राहत असतील तर उशाखालची वही कुणाच्याही हाती लागते. स्वप्नात आपण कुणावर हात उगारतो, कुणाचं मरण बघतो, नको त्या माणसाशी लग्न करतो. वाचणाऱ्याला ती इच्छा वाटते. अशा घरात कुलूप लावलेला फोन जास्त सुरक्षित. मात्र तो मजकूर आपोआप दुसऱ्या यंत्रावर जातो का, घरातल्या सामायिक टॅबलेटवर उघडतो का, हे आधी तपासा. भीतीपोटी अर्धं खोटं लिहिण्यापेक्षा फोनवर पूर्ण खरं लिहिलेलं बरं.

करायचं कसं

रात्री उशाशी वही आणि बांधलेली पेन्सिल ठेवा. पेन उताणं धरलं की रुसतं. पानावर दुसऱ्या दिवशीची तारीख आधीच घाला. जाग आली की हलू नका. आहे त्याच कुशीवर स्वप्न शेवटाकडून मागे एकदा फिरवून घ्या. मग आधी कुणी म्हटलेलं वाक्य, नंतर नावं आणि वस्तू, शेवटी भावना. वाक्य पहिलं, कारण आमच्या अनुभवात तेच सर्वांत आधी जातं. सकाळी चहाच्या वेळी त्याचं सविस्तर स्वप्न करा. आठवड्यातून एकदा ते टाइप करा, खाडाखोडीसकट. वहीचं पान फाडू नका.

बोटं दुखत असतील किंवा घरात वही ठेवणं शक्य नसेल तर खुशाल टाइप करा. मात्र फोन रात्रीच विमान मोडवर टाका, रिकामं पान उघडून ठेवा, उजेड कमीत कमी, शब्द सुचवणं बंद, आणि चुकलं तरी मागे जाऊन पुसायचं नाही.

प्रश्नोत्तरांतून

*आवाज रेकॉर्ड केला तर?*

उत्तम, खोलीत एकटे असाल तर. शेजारी कुणी झोपलेलं असलं की आपण पुटपुटतो आणि सकाळी स्वतःलाच कळत नाही. रेकॉर्डिंग त्याच दिवशी उतरवा, नाहीतर नुसता साठा होतो.

*मला तेच तेच भयानक स्वप्न पडतं. ते रोज लिहू का?*

पहाटे तीनला नको. यासाठी एक उपचारपद्धती आहे. दिवसाउजेडी स्वप्न घ्यायचं, हवं तसं बदलून लिहायचं, आणि बदललेलं रूप रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. 2001 साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने दुःस्वप्नं कमी झाली. पण हे मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करा, एकट्याने नको.

*(सुरुवातीला उल्लेख झालेल्या बाई) माझं गेलेलं वाक्य आता परत येईल का?*

खात्री देता येत नाही. आज घरी गेल्यावर एवढं करा. एका पानावर जे उरलंय ते लिहा. खुर्ची कोणती होती, बाबांच्या अंगात काय होतं, तुम्ही उभ्या होतात की बसलेल्या. जिथे ते बोलले तिथे दोन ओळी मोकळ्या सोडा. बाबा साधारण असंच म्हणाले असतील, असं एखादं वाक्य मनात येईल, ते तिथे लिहू नका. एकदा लिहिलंत की चार महिन्यांनी तेच खरं वाटायला लागेल. जागा मोकळीच राहू द्या. आणि आजपासून पेन्सिल उशाशी ठेवा.