मलिद्यातली साखर पोटात कुठे जाते?

नवस फेडताना, घरात शुभकार्य असताना बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, आणि ताटात खजूर, केळी, सफरचंद अशी फळे. प्रार्थना आणि बराखा झाल्या की ताट सर्वांपुढे येते.

मलिद्याचा घास चावताच पचन सुरू होते. पोहे म्हणजे तांदूळ, आणि तांदळातला पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब माळ. लाळेतला पाचक रस ती माळ तोडू लागतो. म्हणून पोहे बराच वेळ चावले की गोड लागतात. जठरातल्या आम्लामुळे हे काम थांबते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो आणि माळेचे आणखी बारीक तुकडे करतो.

शेवटचे काम आतड्याच्या अस्तरावर होते. तिथले पाचक रस या तुकड्यांचे सुटे ग्लुकोज करतात. साखरेच्या प्रत्येक कणाचे दोन भाग होतात : एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. पिकलेल्या खजुरात हे दोन्ही बरेचसे सुटेच असतात, त्यामुळे त्यांना फारसे तोडावे लागत नाही.

ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरताना मिठातल्या सोडियमची सोबत घेते. त्यांच्यामागून पाणीही आत जाते. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी देतात ते याचसाठी. पेशीतून साखर रक्तात उतरते आणि आधी यकृताकडे जाते. यकृत काही साठवते, बाकीची शरीरभर जाते. ती पेशींत, विशेषतः स्नायूंत, नेण्यासाठी इन्सुलिन लागते.

मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा नीट काम करत नाही, म्हणून साखर रक्तातच साचते. अशा वेळी घरात म्हणतात, "आजीच्या वाटीत साखर घालू नका." पण तेवढ्याने भागत नाही. न गोड केलेल्या पोह्यांचेही शेवटी ग्लुकोजच होते. त्यापेक्षा वाटी लहान घ्यावी. खोबऱ्यातला आणि सालीसकट सफरचंदातला चोथा पचत नाही, पण तो साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतो. मात्र खोबरे बेतानेच घ्यावे, कारण त्यात स्निग्धांश पुष्कळ असतो. आपल्याला किती चालेल हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बराखा म्हणायला एक घासही पुरतो. आजीने पंगतीतून उठायचे कारण नाही.