दहा, नऊ, आठ... हे आलं कुठून?
साय-फाय सिनेमात अंतराळात स्फोट ऐकू आला की आपण हसतो. तिथे हवाच नाही, आवाज कसा येणार? पण सिनेमाची प्रत्येक सवय अशी फसवी नसते. रॉकेट उडण्याआधीचं काउंटडाउन बघा. फ्रिट्झ लांग यांच्या १९२९ च्या ‘फ्राउ इम मोंड’ या जर्मन सिनेमात ते आहे. सिनेमा मूक, म्हणून उरलेले सेकंद पडद्यावर लिहून येतात. एक, दोन, तीन असं मोजलं तर थांबायचं कुठे ते कळत नाही. उलटं मोजलं की शून्य जवळ येताना दिसतं आणि धडधड वाढते. खऱ्या उड्डाणातही हेच सोयीचं: प्रत्येक कामाची वेळ शून्यापासून मागे मोजून ठरते, अडचण आली तर घड्याळ थांबवता येतं. त्यामुळे सिनेमातली चूक जरूर काढा. पण ती सवय कशासाठी आहे, तेही विचारा.