एंजिनाचे शक्तिवर्धन

एंजिनाचे शक्तिवर्धन : वाहन कारखान्यातून बाहेर पडताना त्याच्या एंजिनाची जी निर्धारित शक्ती असते ती, बाजारात स्वतंत्रपणे मिळणारे भाग बसवून अथवा मूळ भागांची जुळणी बदलून वाढविण्याच्या क्रियेस एंजिनाचे शक्तिवर्धन म्हणतात. शर्यतीच्या मोटारगाड्या व मोटारसायकली यांच्या संदर्भात ही क्रिया विशेष प्रसिद्ध आहे. तथापि भारताच्या ग्रामीण भागात हिचा संबंध मुख्यतः ट्रॅक्टर व मालवाहू वाहने यांच्याशी येतो. हौसेखातर केलेल्या बदलात गाडी बिघडली, तर हौस फिटते एवढेच. कर्जाऊ घेतलेल्या ट्रॅक्टरचे एंजिन ऐन हंगामात निकामी झाले, तर त्या कुटुंबाचे वर्ष वाया जाते. म्हणून येथे विषयाचे सामान्य विवेचन करून उदाहरणादाखल परभणी जिल्ह्यातील परिस्थिती विचारात घेतली आहे.

तत्त्व : एंजिनाची शक्ती ही भुजादंडावरील परिबल व त्याचे दर मिनिटास होणारे फेरे यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे दर सेकंदास ७५ किग्रॅ.-मी. कार्य, अर्थात ७३५.५ वॉट. शक्ती वाढवावयाची म्हणजे प्रत्येक चक्रात अधिक इंधन जाळावे लागते, दर मिनिटास अधिक चक्रे घडवावी लागतात किंवा जळणाऱ्या इंधनापासून अधिक कार्य काढून घ्यावे लागते. यांखेरीज चौथा मार्ग नाही. इंधन जाळण्यास हवा लागते. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४.७ किग्रॅ. हवा आवश्यक असते. अधिक इंधन सोडणे सोपे असते. अधिक हवा सिलिंडरात नेणे अवघड असते. शक्तिवर्धनाचे बहुतेक सर्व उपाय या अडचणीभोवती फिरतात.

हवेचे वस्तुमान स्थानिक हवामानावरही अवलंबून असते, ही गोष्ट जाहिरातीतील आकड्यांत दिसत नाही. परभणी शहर समुद्रसपाटीपासून सु. ४०० मी. उंचीवर असून मे महिन्यात तेथील तापमान ४३° ते ४५° से. पर्यंत जाते. समुद्रसपाटीवर १५° से. तापमान असताना सिलिंडरात जेवढी हवा मावते, तिच्यापेक्षा ४५° से. तापमानाच्या परभणीच्या हवेचे वस्तुमान सु. १४ टक्क्यांनी कमी भरते. यापैकी सु. ५ टक्के घट उंचीमुळे व उरलेली उष्णतेमुळे होते. उन्हाळी नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर ‘ओढत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे. त्या वेळी एंजिनात दोष असतोच असे नाही.

इतिहास : निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून तिच्या साहाय्याने एंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये एकस्वाद्वारे मांडली. अमेरिकेत १९३२ मध्ये फोर्ड कंपनीचे स्वस्त व्ही-८ एंजिन बाजारात आल्यावर कॅलिफोर्नियातील तरुण कारागीर ते सुधारून कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाच्या स्पर्धा करू लागले, आणि त्यातून सुट्या भागांचा एक मोठा उद्योग उभा राहिला. इटलीत आबार्थ या संस्थेने (स्थापना १९४९) फियाट गाड्यांसाठी निष्कास नळ्या व इतर भाग पुरविले. इंग्लंडमध्ये जॉन कूपर यांनी मिनी या लहान गाडीच्या एंजिनाची शक्ती ३४ वरून ५५ अश्वशक्तीपर्यंत नेली व १९६१ पासून ती गाडी कारखान्यातच तयार होऊ लागली. ही वाढ करताना गाडीला पुढील चाकांसाठी तबकडी-गतिरोधकही देण्यात आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतात मद्रासजवळील शोलावरमच्या धावपट्टीवरील शर्यतींमुळे ही विद्या काही कारागिरांच्या हाती आली. यामाहा आरएक्स-१०० (१९८५–९६) ही ९८ घ. सेंमी. क्षमतेची, ११ अश्वशक्तीची द्विधाव मोटारसायकल तरुणांची विशेष आवडती ठरली. द्विधाव एंजिनात झडपा नसतात. सिलिंडराच्या भिंतीतील द्वारांचा आकार कानशीने थोडा बदलला व योग्य मापाची प्रसरण-नळी जोडली, तरी शक्तीत स्पष्ट फरक पडतो. त्यामुळे अगदी साध्या कार्यशाळेतही हे काम होऊ शके. महाराष्ट्रात याहून व्यापक प्रमाणावर घडलेली गोष्ट म्हणजे जीपगाड्यांतील व मोटारगाड्यांतील पेट्रोल एंजिन काढून त्या जागी डीझेल एंजिन बसविणे ही होय. मात्र तिच्यामागील हेतू शक्तिवर्धनाचा नसून इंधन-खर्च वाचविण्याचा होता.

पद्धती : (१) सिलिंडराचा व्यास वाढविणे. ८५ मिमी. व्यासाचा सिलिंडर कातून ८७ मिमी. केल्यास आयतन सु. ४.८ टक्क्यांनी वाढते. फायदा अल्प असून भिंत पातळ होते. झिजलेले एंजिन नव्याने बांधताना जे कातकाम करावे लागते त्याचाच हा आनुषंगिक लाभ समजणे योग्य. (२) संपीडन गुणोत्तर वाढविणे. सैद्धांतिक दृष्ट्या पेट्रोल एंजिनात हे गुणोत्तर ८ वरून १० केल्यास ऊष्मीय कार्यक्षमता ५६ वरून ६० टक्क्यांपर्यंत जाते (प्रत्यक्षात ती याच्या निम्म्याच्या आसपास असते). परंतु गुणोत्तर वाढले की, इंधन ठिणगीची वाट न पाहता स्फोटकपणे जळण्याची प्रवृत्ती बळावते व दट्ट्याचा माथा वितळून भोक पडू शकते. (३) कॅम, झडपा व नळ्या बदलणे. झडप अधिक काळ उघडी ठेवणाऱ्या कॅममुळे उच्च वेगात शक्ती वाढते आणि तेवढ्याच प्रमाणात मंद वेगातील परिबल घटते. शर्यतीत हे चालते. चिखलातून गाडी काढताना चालत नाही. (४) फेरे वाढविणे. दट्ट्या व संयोगदांडा यांवरील निरूढी-प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास २,२०० फेऱ्यांसाठी योजिलेले एंजिन २,५०० फेऱ्यांनी चालविले, तर वेग १४ टक्क्यांनीच वाढतो, पण ही प्रेरणा २९ टक्क्यांनी वाढते.

(५) अधिभरण. टर्बो या नावाने सर्वपरिचित असलेले हे साधन सर्वांत परिणामकारक होय. मात्र हवा दाबली की तापते व तापलेली हवा विरळ होते. ४५° से. तापमानाची हवा दीडपट दाबाला नेली, तर सर्वसाधारण कार्यक्षमतेच्या संपीडकातून ती सु. १००° से. तापमानाला बाहेर पडते व तिची घनता दीडपट न होता सु. १.२८ पट होते. मध्ये शीतक बसवून ती ७०° से. पर्यंत थंड केल्यास घनता सु. १.३९ पट मिळते. कारखान्यातच टर्बो बसवून निघणाऱ्या एंजिनांत दट्ट्ये, धारवे, वंगणपंप व तोटी या सर्वांची रचना त्यानुसार केलेली असते. साध्या एंजिनावर बाहेरून टर्बो चढविताना यांपैकी काहीच बदलले जात नाही.

डीझेल पंपाची जुळणी : ग्रामीण भागात सर्वाधिक रूढ असलेला उपाय याहून कितीतरी साधा असून त्याला सुटा भागही लागत नाही. यांत्रिक अंतःक्षेपण पंपावर महत्तम इंधन ठरविणारा एक स्क्रू असतो व तो सीलबंद केलेला असतो. सील तोडून तो फिरविला की, प्रत्येक धावेस अधिक डीझेल सुटते. यालाच बोलीभाषेत ‘पंप वाढविणे’ म्हणतात. उत्पादकाने धूर मर्यादित राहावा म्हणून काही हवा जाणूनबुजून शिल्लक ठेवलेली असते. वाढीव इंधन प्रथम ही हवा वापरते, त्यामुळे शक्तीत खरोखरच थोडी वाढ होते आणि चालकाचा या उपायावर विश्वास बसतो. ती हवा संपल्यावर मात्र पुढील इंधन अर्धवट जळते. काळा धूर म्हणजे शक्तीचे चिन्ह असा समज आहे. वस्तुतः पैसे देऊन घेतलेले इंधन काजळीच्या रूपाने बाहेर पडत असल्याचे ते चिन्ह होय. निष्कास वायूंचे तापमान वाढते, झडपा जळतात, न जळलेले डीझेल सिलिंडराच्या भिंतीवरील वंगण धुऊन काढते व कड्या लवकर झिजतात.

उष्णता व धूळ : इंधनातील ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भुजादंडावर मिळते, साधारण तेवढीच निष्कास वायूंबरोबर जाते व बरीचशी शीतक पाण्यात उतरते. म्हणजे शक्ती वाढविली की, रेडिएटरावरील भारही वाढतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे पाणी व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९५° से. असताना हिवाळ्यातील २५° से. हवेत हा फरक ७० अंश असतो, तर मेमधील ४३° से. हवेत तो ५२ अंशच उरतो. मूळची एक चतुर्थांश क्षमता अशी कमी झालेली असताना त्यावर वाढीव उष्णता लादली जाते. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी घेताना सु. ४३° से. तापमानातही ती घेतात, ते याच कारणासाठी.

मोकळ्या श्वासाचे म्हणून विकले जाणारे हवागाळक हे आणखी एक आमिष. शर्यतीच्या डांबरी मार्गावर ते निरुपद्रवी असतील. काळ्या मातीच्या कोरड्या शेतात रोटाव्हेटर चालत असताना ट्रॅक्टरभोवती धुळीचा लोट असतो. गाळकातून गेलेली धूळ वंगणात मिसळून सिलिंडर व कड्या घासून काढते. मूळ गाळक, मग तो तेलाचा असो वा कोरडा, वेळच्या वेळी साफ करण्याने मिळणारा लाभ विकतच्या गाळकाने मिळणाऱ्या लाभापेक्षा बहुधा अधिक असतो.

परभणी जिल्ह्यातील उपयोग : जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील सपाट काळ्या जमिनीचा आहे. उत्तरेस जिंतूरकडे व दक्षिणेस गंगाखेडकडे डोंगराळ भाग लागतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे पाथरी, मानवतकडील भागात ऊस वाढला व त्याच्या वाहतुकीचे काम ट्रॅक्टरांकडे आले. नांगरट व वाहतूक या दोन कामांत एंजिनाच्या शक्तीचे स्थान अगदी वेगळे आहे.

नांगरटीत मर्यादा घालते ती बहुधा चाकांची पकड. मागील चाकांवर १,५०० किग्रॅ. भार असून भुसभुशीत जमिनीत त्याच्या निम्मी ओढ मिळते असे धरल्यास ७५० किग्रॅ. ओढ होते, ताशी ५ किमी. वेगाला तिच्यासाठी सु. १४ अश्वशक्तीच लागते. चाकांचे घसरणे, गिअरपेटीतील व्यय व ट्रॅक्टर स्वतः पुढे सरकण्यास लागणारी ओढ मिळवूनही ४५ अश्वशक्तीच्या एंजिनात बरीच शक्ती शिल्लक राहते. तिच्यात आणखी भर घातली, तर चाके जागीच फिरतात, टायर झिजतो व जमीन दबते. येथे चाकांना वजने लावणे, टायरात पाणी भरणे व नांगराची खोली नीट जुळविणे हे उपाय स्वस्त व खरे आहेत. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र पीटीओवर चालविताना मात्र शक्ती खरोखर कामी येते; अशा कामासाठी अधिक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाड्याने घेणेच पुष्कळदा परवडते.

वाहतुकीचे गणित निराळे आहे. ट्रॅक्टर व उसाने भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टन वजन असेल, तर सपाट रस्त्यावर सु. ५०० किग्रॅ. ओढ लागते व ताशी २० किमी. वेगाला सु. ३७ अश्वशक्ती पुरते. ३० मीटरमागे एक मीटर चढ आला की, ओढ सु. १,१७० किग्रॅ. होते. पारेषणातील व्यय सोडला, तर ४५ अश्वशक्तीने हा चढ ताशी सु. १० किमी. वेगाने व ६० अश्वशक्तीने सु. १४ किमी. वेगाने चढता येतो. पंधरा अश्वशक्ती वाढवून मिळाले ते एवढेच. उतारावर मात्र हाच वाढलेला वेग घातक ठरतो : वेग २० वरून ३० किमी. झाल्यास गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते आणि ती शोषून घेण्याचे काम ट्रॅक्टरच्या मूळच्या गतिरोधकांवर पडते, कारण ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे गतिरोधक नसतात. एंजिन वाढविणारा कारागीर गतिरोधकांना, क्लचला व मागील आसाला हात लावीत नाही, हा या सर्व व्यवसायातील सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही, विहित बाबतींत नोंदणी-प्राधिकाऱ्याची अनुमती आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ अन्वये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी भरपाई देताना अशा फेरफाराची हरकत घेऊ शकते, ही बाब दंडापेक्षा महाग पडणारी आहे. वाहनांच्या व सुट्या भागांच्या मान्यतेसाठी चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था (स्थापना १९६६) पुणे येथे आहे.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण : सामायिक नलिकेतून अतिउच्च दाबाने इंधन सोडणाऱ्या डीझेल एंजिनांत फिरविण्याजोगा स्क्रू राहिलेला नाही. त्यांतील इंधनाचे प्रमाण संगणकीय नियंत्रक ठरवितो. त्यावर तोडगा म्हणून नलिकेतील दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचा खोटा संकेत नियंत्रकास देणाऱ्या पेट्या विकल्या जातात. नियंत्रक फसून दाब वाढवितो व पंप आणि अंतःक्षेपक त्यांच्या मर्यादेपलीकडे काम करू लागतात. भारत टप्पा-६ हे उत्सर्जन-मानक १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरील वाहनांना लागू झाले आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून चौथ्या टप्प्याची मानके लागू झाली. या एंजिनांच्या निष्कास मार्गात काजळी अडविणारे गाळक बसविलेले असतात. वाढीव इंधनाची काजळी त्यांत साचून मार्ग तुंबतो, नियंत्रक धोक्याचा दिवा लावतो व एंजिनाची शक्ती आपोआप मूळच्यापेक्षाही खाली आणतो.