नुसतं उभं राहण्याचे कष्ट

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्या सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत टांगलेले 40 किलोचे आरसे, आणि मोजायची हालचाल किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी. त्यासाठी आरसा अगदी स्थिर हवा. पण जमीन कुठलीच स्थिर नसते. ट्रक गेला, वारा सुटला, दूरच्या समुद्रात लाटा उसळल्या, तरी ती थरथरते. म्हणून आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांना टांगतात, आणि ते लोलक ज्या मंचावरून लोंबतात तो मंच धक्का मोजून सतत उलट दिशेने सरकवत राहतात. थोडक्यात, तिथली स्थिरता राबून मिळवावी लागते.

माणसाचं उभं राहणंही याच जातीचं आहे. चीनमध्ये तर त्याचीच साधना करतात. ‘जान ज्वांग’ म्हणजे खांबासारखं उभं राहायचं. पावलं खांद्यांइतकी दूर, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर गोल, झाडाच्या बुंध्याला कवेत घ्यावं तसे. श्वास संथ, पोटापर्यंत. वांग श्यांगचाय (1885–1963) या युद्धकलेच्या गुरूने आपल्या ‘यिच्युआन’ पद्धतीचा पायाच या उभं राहण्यावर रचला. पुढे 1950 च्या दशकात अशा जुन्या साधना ‘चीगोंग’ या नावाखाली चीनच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत शिरल्या. (संत नामदेवांचा विठोबाही उभाच, पण देवाच्या पोटऱ्या भरून येत नसाव्यात.)

आपल्या मात्र येतात, आणि त्याला कारण आहे. शरीराचा भार घोट्याच्या सांध्यावर सरळ पडत नाही, थोडा पुढे पडतो. म्हणजे उभा माणूस सतत पुढे पडत असतो आणि पोटरीचे स्नायू त्याला सतत मागे ओढत असतात. ते ताणलेल्या स्प्रिंगसारखे ओढत असतील, असं आपण धरून चालतो. अल्ट्रासाऊंडने पाहिलं तेव्हा उलटंच दिसलं: शरीर पुढे झुकतं तेव्हा पोटरीचा स्नायू लांबण्याऐवजी आखडतो, कारण लांबण्याचं काम टाचेवरची शीर करते. सेकंदाला दोन-तीन वेळा स्नायू असे बारीक हिसके देतो. डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि तळपायाची जाणीव हे सगळे मिळून त्याला खबर पुरवत असतात.

गुडघे वाकवले की मांड्याही कामाला लागतात. काही मिनिटांत त्या थरथरू लागतात. दमलेल्या स्नायुतंतूंच्या जागी नवे, मोठे गट ओढले जातात आणि जोर एकसारखा राहत नाही, म्हणून हा कंप. काही गुरू त्याला ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, जागी झाली असं म्हणतात. माझ्या मते त्यासाठी वेगळ्या ऊर्जेची गरज नाही. दमलेली मांडी पुरेशी आहे.

श्वासाची गोष्ट अधिक रंजक. छाती फुगली की धडाचा तोल ढळतो, आणि कंबर व पाय तो नकळत सावरतात. श्वासपटल तर दोन्हीकडे नोकरी करतं. ते कण्याच्या कमरेकडच्या मणक्यांना जोडलेलं असतं. 1997 साली पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी उभ्या माणसांना झटकन हात उचलायला सांगितलं, तेव्हा हात हलण्याआधीच श्वासपटल आकुंचन पावल्याचं दिसलं. कणा आधी सावरायचा, मग हात.

दीर्घ श्वासाने ‘जास्त ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्य मात्र आता सोडून द्यावं. निरोगी माणसाचं रक्त एरवीच्या श्वासातच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं असतं. फरक पडतो तो लयीमुळे. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की श्वासाची लय रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेच्या दहा सेकंदांच्या लयीशी जुळते आणि हृदयाचे ठोके श्वासाबरोबर मोठ्या हेलकाव्याने कमी-जास्त होतात. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्डी यांच्या 2001 च्या अभ्यासात लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ दोन्ही म्हणताना श्वास याच गतीला आला होता.

असल्या साधना यंत्राखाली धरायची सुरुवात आपल्याकडे फार लवकर झाली. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं. त्यांनी नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची योगक्रिया करताना पोटातला दाब मोजला, क्ष-किरणांनी आतडी पाहिली. अनुभव खरा मानायचा, पण त्याचं स्पष्टीकरण तपासून घ्यायचं, ही त्यांची रीत चीगोंगलाही लावायला हरकत नाही.

तपासून हाती काय लागतं? वैद्यकीय संशोधनाच्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात ताई ची या चिनी व्यायामप्रकारामुळे वृद्धांचं पडणं सुमारे 19 टक्क्यांनी कमी होत असावं असं आढळलं, पुरावा फार भक्कम नसल्याची नोंद ठेवून. तो आकडा हलत्या-फिरत्या ताई चीचा आहे. खांबासारखं उभं राहण्याला तो जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

करून पाहायचं असेल तर दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करावी, वय झालेल्यांनी भिंतीजवळ. उभं राहिलं की अर्धा लिटरहून अधिक रक्त खाली पायांकडे व पोटाकडे उतरतं आणि पोटऱ्या आखडल्या तरच ते नीट वर चढतं. पाय ताठ करून निश्चल उभे राहणारे कवायतीत कोसळतात ते यामुळे. श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब एकदम चढतो, तेव्हा श्वास चालू राहू द्यावा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसावं.