निर्दोष सुटले, पण कामाला कोण ठेवणार?

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. खून आणि बलात्कारही झाले. भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचार करून सर्वांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच चालला नाही. सहापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, असे आपण भाषणात सांगतो. ठाण्यातला संशय रद्द झाला का?

न्यायालयाने पुनर्वसनासाठी प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. १६ वर्षांचा हिशोब केला तर दिवसाला साधारण ८५ रुपये! तेही न्यायालयाने आदेश दिला म्हणून. चुकीच्या खटल्यासाठी भरपाईचा हक्क देणारा कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली. ती कागदावरच आहे.

पैशापेक्षा अडते ते कागदांवर. हे लोक आत गेले तेव्हा आधार नव्हतेच. देशातले पहिले आधार २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत मिळाले. रेशनकार्डावरचे नाव, बँक खाते, मतदारयादी, सगळे नव्याने. मुलांच्या जातीच्या दाखल्याला १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सतत फिरणाऱ्या माणसाने तो कुठून आणायचा?

नोकरीच्या पडताळणी फॉर्मात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो. पुष्कळजण भीतीने ‘नाही’ लिहितात आणि तिथेच फसतात. २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार माहिती लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. खरे लिहिले तरी मालक नकार देऊ शकतो, पण त्याला निर्दोष सुटकेचा विचार करावा लागतो. म्हणून वस्तीत असा कोणी सुटून आला, तर आधी त्याच्यासोबत कोर्टात जा आणि निकालाची प्रमाणित प्रत काढा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मिळतो. प्रतीच्या चार झेरॉक्स काढा, मूळ प्रत घरी ठेवा. मुकादमाला दाखवायला झेरॉक्स पुरते.