बार्बेक्यूसाठी कोणतं गॅजेट आधी घ्याल?

सुट्टीत मेढ्याला गावी गेलो की आमची चिकन पार्टी ठरलेली. मागच्या वेळी निखाऱ्यावरचे तुकडे बाहेरून मस्त भाजले, पण आत कच्चेच! आणि तेच लहान पोरंही खाणार होती.

बाजारात भन्नाट गॅजेट्स आहेत. बॅटरीवरचा छोटा ब्लोअर फुंकणीचं काम करतो. बायोलाईट कंपनीची कॅम्पस्टोव्ह ही लाकडावरची शेगडी उष्णतेपासून वीज बनवते. त्यावर तिचा पंखा चालतो आणि मोबाईलही चार्ज होतो.

पण पैसे घालायचेच तर आधी ब्लूटूथ मीट थर्मामीटर घ्या. त्याची सळई तुकड्यात खुपसायची. आतल्या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमानानुसार बदलतो, त्यावरून ॲपवर आकडा दिसतो. चिकनच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता मोजा. ७४ अंश सेल्सिअस झालं की खायला हरकत नाही. कोरोनात वापरलेली तापमानाची गन इथे चालत नाही. ती फक्त वरचा पृष्ठभाग मोजते.

आता आमच्याकडे ॲपचा अलार्म वाजल्याशिवाय कुणी तुकडा उचलत नाही.