संवादशैलीचे प्रश्नावलीद्वारे मापन : मावळ परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना केली आणि उड्डियान, नौली या क्रियांच्या वेळी शरीरांतर्गत दाबात होणारे बदल उपकरणांनी मोजले. दाबमापकावरील आकडा साधकाच्या स्वतःविषयीच्या मतावर अवलंबून नव्हता. संवादशैली प्रश्नावलीने मोजताना मात्र उत्तर देणारी व्यक्तीच स्वतःचे मापन करीत असते. हा भेद दुर्लक्षिला गेला, तर गुणांक हा विद्यार्थ्यावरील कायमचा शिक्का ठरतो.

मापनाची पद्धती

रॉबर्ट नॉर्टन यांनी १९७८ मध्ये संवादशैलीचे प्रभुत्व, नाट्यमयता, वादप्रियता, सजीव हावभाव, ठसा उमटविणे, निवांतपणा, अवधान, मोकळेपणा व मैत्रीभाव असे नऊ घटक मांडले. जेम्स मॅक्रॉस्की यांची संवादभीती मापिका २४ विधानांची असून गटचर्चा, सभा, दोघांतील संभाषण व जाहीर भाषण या चार प्रसंगांना प्रत्येकी सहा विधाने दिलेली आहेत. प्रतिसाद पाच बिंदूंच्या श्रेणीवर नोंदविले जातात. प्रत्येक प्रसंगाचे गुण ६ ते ३० आणि एकूण गुण २४ ते १२० या मर्यादेत येतात. एकूण ८० हून अधिक गुण तीव्र, तर ५१ हून कमी गुण सौम्य भीती दर्शवितात.

दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण ६८ आहेत, असे समजू. पहिल्याला चारही प्रसंगांत १७ गुण आहेत. दुसऱ्याला अनुक्रमे १३, १७, ११ व २७. एकूण गुणांवरून दोघेही मध्यम ठरतात. परंतु दुसरा विद्यार्थी संभाषणात निर्धास्त असून केवळ व्यासपीठावर भयभीत होतो. त्याला साहाय्य कोठे हवे, हे एकूण गुणांतून कळत नाही.

स्थानिक व भाषिक संदर्भ

आंदर मावळातील गावातून तळेगाव वा लोणावळ्याच्या महाविद्यालयात येणारा एखादा विद्यार्थी वडीलधाऱ्यांसमोर मौन पाळतो, मित्रांत बोलका असतो आणि सुटीच्या दिवसांत पर्यटकांशी हिंदीत सहज बोलतो. वर्गात इंग्रजीतून उत्तर देताना मात्र थबकतो. ‘मी समोरच्याशी मोकळेपणाने बोलतो’ या विधानाला त्याने काय उत्तर द्यावे? मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड ‘समोरचा’ कोण यावर ठरते. म्हणून विधानात श्रोत्याचा व भाषेचा स्पष्ट उल्लेख असावा. शिवाय ‘बोलतो’ हे क्रियापद विद्यार्थिनींना लागू पडत नाही. ‘मला शिक्षकांशी मराठीत मोकळेपणाने बोलता येते’ अशी रचना केल्यास दोन्ही अडचणी दूर होतात.

मूळ इंग्रजी प्रश्नावलीचा अनुवाद केल्यास दुसऱ्या जाणकाराकडून पुनरनुवाद करवून तो मुळाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा गुणांक विधानांची अंतर्गत सुसंगती दर्शवितो. विधाने अभिप्रेत गुणच मोजतात याची ग्वाही तो देत नाही. शिक्षकांस आवडेल असे उत्तर देण्याची प्रवृत्तीही लक्षात घ्यावी लागते. त्यासाठी उत्तरपत्रिका निनावी ठेवता येतात. व्यक्तिगत मार्गदर्शनासाठी नाव आवश्यक असल्यास गोपनीयतेची हमी द्यावी.

समारोप

प्रश्नावली विद्यार्थी कसा बोलतो हे सांगत नाही. आपण कसे बोलतो असे त्याला वाटते, हे सांगते. ही माहिती मोलाची आहे. मात्र तिला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड हवी. गुणांक प्रसंगनिहाय वाचावेत आणि त्यांवरून वक्तृत्वासाठी निवड वा वगळणूक न करता विद्यार्थ्याशी संवाद सुरू करावा. वर्गातील मौन म्हणजे भीती, आदर की परक्या भाषेचा अडसर, याचा उलगडा त्या संवादातूनच होऊ शकतो.